शंकासमाधान : कौल लागेना, तेव्हा

प्रश्न : आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, महामार्गाला लागून आहे. चौपदरीकरणात वडिलोपार्जित जमीन गेली. थोरला म्हणून मोबदल्याचा सगळा व्यवहार मी पाहिला. बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. ‘तुझं माहेर कधी तुटणार नाही’ एवढंच तिला म्हणालो, रक्कम किती ते सांगितलं नाही. आता मुलाच्या धंद्याबद्दल देवीला विचारायला देवळात कौल लावतो, तर दोन्ही बाजूंच्या पाकळ्या तशाच चिकटून राहतात. उजवी पडत नाही, डावीही पडत नाही. गुरव म्हणतो, देवी बोलत नाही. एमआयडीसीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या ख्रिस्ती मित्राने शौल राजाची गोष्ट सांगितली. त्यालाही देव उत्तर देईना, म्हणून तो रात्री एका भगतिणीकडे गेला म्हणे. मलाही एका भगताचं नाव सुचवलंय. जावं का? आणि त्या राजाचं नेमकं चुकलं काय?
— एक शेतकरी, पोलादपूर तालुका

उत्तर : भगताकडे जाऊ नका. कारण शौलाच्या गोष्टीतच आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

शौल हा इस्राएल लोकांचा पहिला राजा. बन्यामीन वंशातल्या कीशाचा मुलगा. बापाची हरवलेली गाढवं शोधायला घराबाहेर पडला आणि शमुवेल संदेष्ट्याच्या दारी पोहोचला. शमुवेलाने त्याच्या डोक्यावर तेल ओतून त्याला राजा ठरवलं. उंचीने तो सगळ्यांपेक्षा डोकंभर वर, पण निवडीच्या दिवशी सामानसुमानाच्या ढिगाआड लपून बसला होता. पहिल्या विजयानंतर लोक म्हणाले, तुला नावं ठेवणाऱ्यांना मारून टाकू. तर आज कुणाचा जीव घ्यायचा नाही, असं त्याने बजावलं. म्हणजे गडी मुळात वाईट नव्हता.

पुढे सत्ता अंगात मुरली. शमुवेलाने केलेली कानउघाडणी त्याने मनावर घेतली नाही. दावीद नावाच्या तरुण सरदाराचा मत्सर धरला, त्याच्यावर भाला फेकला. नोब गावच्या याजकांनी, म्हणजे देवस्थानच्या पुजाऱ्यांनी, दावीदाला भाकरी दिली म्हणून एका दिवसात पंच्याऐंशी याजक कापून काढायला लावले. त्यातून अब्याथार नावाचा एकटा वाचला. तो याजकाचं एफोद नावाचं वस्त्र घेऊन पळाला आणि थेट दावीदाला जाऊन मिळाला.

शेवटी पलिष्ट्यांची फौज समोर उभी राहिली. शौलाचं काळीज हललं. त्याने देवाला विचारलं, पण उत्तर नाही. त्या काळी कौल मिळायचे मार्ग तीन : स्वप्न, याजकाच्या एफोदाशी बांधलेलं उरीम नावाचं कौलाचं साधन आणि संदेष्ट्याचं तोंड. आता हिशेब मांडा. याजक त्यानेच मारले होते, एफोद दावीदाकडे गेलं होतं. संदेष्टा शमुवेल जिवंत होता तोवर याने त्याचं ऐकलं नाही, आता तो वारला होता. तीनपैकी दोन मार्ग राजाने स्वतःच्या हाताने बंद केले होते आणि तक्रार मात्र देव बोलत नाही अशी!

मग वेष पालटून, दोन माणसं बरोबर घेऊन तो रात्री एन-दोरला गेला. तिथे मृतांना बोलावणारी एक बाई राहत होती. अशा लोकांना देशातून हाकलायचा हुकूम खुद्द शौलाचाच. ‘शमुवेलाला वर आण,’ तो म्हणाला. शमुवेल आला. त्याने नवीन काय सांगितलं? उद्या तू आणि तुझी मुलं माझ्याकडे याल, एवढंच नवीन. बाकी कारणं सगळी जुनीच, जिवंतपणी तोंडावर सांगितलेली. रात्रीची पायपीट करून शौलाने मिळवलं ते आधीच मिळालेलं उत्तर.

तुमच्या पत्रातही उत्तर आलेलंच आहे. देवीला तुम्ही विचारलंत मुलाच्या धंद्याचं, पण पत्राची पहिली वाक्यं लिहिलीत जमिनीच्या मोबदल्याची आणि बहिणीच्या सहीची. ती कुणी विचारली नव्हती, तुमच्या मनाने आपणहून लिहिली. भगत तरी याहून वेगळं काय सांगणार? सांगितलंच, तर बाहेरची बाधा, कुणाची करणी असं सांगेल. पैसे घेईल आणि दोष चुलत्यावर नाहीतर शेजाऱ्यावर ढकलेल. असल्या भोंदूगिरीविरुद्ध महाराष्ट्रात 2013 पासून कायदा आहे. पण कायद्याची भीती बाजूला ठेवा, तिथे तुमचं काम होणार नाही हे मुख्य.

करायचं ते असं. बहिणीच्या घरी जा. तिला पूर्ण रक्कम सांगा, कागद दाखवा. 2005 च्या सुधारणेनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. रक्कम लपवून घेतलेली सही कोर्टात किती टिकेल ते वकिलाला विचारा, पण हक्क देण्यासाठी कोर्टाची वाट बघू नका. पैसे खर्च झाले असतील तर आहेत तेवढे आज द्या आणि बाकीचे केव्हा देणार ते लिहून द्या. भाऊबीजेच्या साडीवर हे भागवू नका. ती बोलेल, रडेल, कदाचित चार दिवस तोंड बघणार नाही. ऐकून घ्या. आणि एक, ‘हे केलं की कौल उजवा लागेल’ असा सौदा मनात ठेवून जाऊ नका. मुलाच्या धंद्याचं म्हणाल, तर ते बँकेत आणि बाजारात चौकशी करून ठरवा.

प्रश्न : आम्ही माळकरी. घरात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. नातवंडांना शौल, दावीद अशा परधर्मातल्या राजांच्या गोष्टी सांगाव्यात का? आपल्याकडे काय कमी आहे?
— एक आजोबा, महाड

उत्तर : कमी काहीच नाही, आणि ही गोष्टही आपल्याला फार परकी नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने जुन्या करारातल्या कथा मराठी ओवीत रचल्या. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात 1616 साली छापलं गेलं. आपल्या रायगड जिल्ह्यातलेच बेने इस्राएल, ज्यांना गावोगाव ‘शनवार तेली’ म्हणत, ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे. त्यांची घरची भाषा मराठी, आडनावं गावावरून पडलेली : दिवेकर, अष्टमकर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली, तीही आपल्या हरिदासांच्या थाटात. पंडिता रमाबाईंनी तर अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं. नातवंडांना खुशाल सांगा. फक्त ‘त्यांचा राजा बघा कसा वाया गेला’ या सुरात सांगू नका. शौल कुणाच्याही घरात निघतो.

प्रश्न : मी कॉलेजात शिकते. शौलाची गोष्ट वाचून मला राग आला. त्याने अमालेक्यांच्या राजाला जिवंत सोडलं म्हणून देवाने त्याला टाकलं. दावीदाने तर दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला पाठवलं. त्याला मात्र माफी! हा कसला न्याय?
— एक विद्यार्थिनी, महाड

उत्तर : राग योग्य ठिकाणी आलाय. सगळ्या जमातीला, पोराबाळांसकट, मारण्याची जी आज्ञा त्या कथेत आहे तिचं समर्थन मी करणार नाही. आजच्या कुठल्याही माणसाने करू नये. पण शौलाने ती दयेपोटी मोडली असं समजू नकोस. त्याने सामान्य माणसं मारलीच. वाचवलं कुणाला? अगाग राजाला आणि लठ्ठ गुरामेंढरांना. एक मिरवायला, दुसरी लुटीसाठी. शमुवेलाने जाब विचारला तेव्हा पहिलं उत्तर, ‘मी तर आज्ञा पाळली.’ दुसरं, ‘लोकांनी जनावरं ठेवून घेतली, देवाला बळी द्यायला.’ अखेरीस चूक कबूल केली ती या बोलीवर, की वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राखा.

दावीदाचा गुन्हा मोठा, यात शंका नाही. पण नाथान संदेष्ट्याने त्याला गोष्ट सांगितली : एका श्रीमंताकडे पाहुणा आला, तर त्याने आपली मेंढरं सोडून गरिबाची एकुलती एक मेंढी कापली. ‘तो माणूस तूच,’ म्हणताच दावीद तिथल्या तिथे म्हणाला, ‘मी पाप केलं.’ लोक काय म्हणतील, मान राहील का, असं काही विचारलं नाही. आणि त्याला शिक्षा झाली नाही असंही नाही. तान्हं मूल गेलं, घरात खूनखराबा झाला, पोटचा मुलगा उलटला. त्या तान्ह्याचा काय दोष, हा तुझा पुढचा प्रश्न असेल, तर तो मलाही पडतो आणि कथा त्याचं उत्तर देत नाही.

शौलाबद्दल कडवटपणा ठेवू नकोस. याबेश-गिलादच्या लोकांना त्याने एकदा मोठ्या संकटातून सोडवलं होतं. गिलबोवाच्या लढाईत तो पडला, शत्रूने त्याचं प्रेत बेथ-शानच्या तटाला टांगलं, तेव्हा त्या गावचे गडी रात्रभर चालत गेले आणि प्रेत उतरवून घेऊन आले. राजा बिघडला तरी त्याने केलेला उपकार त्यांनी बुडवला नाही.

प्रश्न : घरात काही बिनसलं की आम्ही अभिषेक घालतो, होम करतो. गुरुजी म्हणतात, दोष जातो. हे खरं ना?
— एक गृहिणी, बिरवाडी

उत्तर : अभिषेकाने मन शांत होतं, चार माणसं घरी येतात, यात वाईट काही नाही. पण माणसाशी केलेला अन्याय देवाला दूध घालून फिटत नाही. बळी देण्यासाठी जनावरं राखली, असं शौल म्हणाला, तेव्हा शमुवेलाने हेच सुनावलं, की होमहवनापेक्षा सांगितलेलं ऐकणं मोठं.

महाडकरांना याचा दाखला दूर शोधायला नको. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव आधीच केला होता. त्याच दिवशी, हे लोक आता विरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठवली गेली आणि निःशस्त्र माणसांना मारहाण झाली. मग तळं ‘शुद्ध’ करण्यासाठी पंचगव्याच्या 108 घागरी मंत्र म्हणत ओतल्या गेल्या. विधीत काही कसर नव्हती. घागरी मोजून, मंत्र म्हणून सगळं झालं. आणि ज्यांची डोकी फुटली त्यांची माफी कुणी मागितली नाही. कोर्टकज्जा चालून 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. त्या 108 घागरींनी दोष गेला नाही, उलट वाढला.

म्हणून ताई, घरात बिनसलं असेल तर ज्याच्याशी बिनसलं त्याच्याशी आधी बोला. अभिषेक नंतर घाला, आणि त्या माणसाला प्रसादाला बोलवा.

प्रश्न : माझं माहेर तळियेजवळचं. 22 जुलै 2021 ला दरड आली त्यात ओळखीची कितीतरी माणसं गेली. आमच्याकडे अजून काही जण म्हणतात, गावाचं काहीतरी पाप असेल, देवाचं काही राहिलं असेल. देव त्या दिवशी गप्प का होता? शौलासारखं आमचंही काही चुकलं होतं का?
— एक सासुरवाशीण, महाड तालुका

उत्तर : नाही. हे स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

शौलाची गोष्ट ज्याने स्वतःच्या हाताने वाटा बंद केल्या त्याची आहे. ती दरडीखाली गेलेल्या माणसांना लावणं म्हणजे मेलेल्यांवर आळ घेणं. हीच शंका येशूपुढे आली होती. शिलोह येथला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती? येशूने साफ नाही म्हटलं. तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यात तान्ही मुलं होती. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथेही हेच झालं. 2016 ला सावित्रीचा पूल वाहून गेला, त्यात एसटीतले प्रवासी गेले. कुणाकुणाचं पाप शोधत बसणार?

दरड येते ती अतिवृष्टीने भिजून जड झालेल्या उतारामुळे. त्या आठवड्यात आपल्या भागात कोसळलेला पाऊस तुम्ही पाहिलेला आहे. देव तेव्हा गप्प का होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि ते आपल्याकडे आहे असं जो म्हणेल त्याच्यापासून सावध राहा.

एन-दोरच्या त्या बाईबद्दल मात्र सांगायचं राहिलं. शमुवेलाचे शब्द ऐकून शौल जमिनीवर कोसळला. दिवसभर आणि रात्रभर त्याच्या पोटात अन्न नव्हतं. तिच्यासारख्यांना देशोधडीला लावणारा हाच राजा. तरी तिने त्याला आग्रह केला, घरचं वासरू कापलं, पीठ मळून भाकरी भाजल्या आणि त्याला जेवू घालून वाटेला लावलं. देव बोलला नाही त्या रात्री एका बाईने त्याला जेवण वाढलं. 2021 च्या पुरात महाडात चिखल उपसायला, पाणी आणि जेवण पोहोचवायला गावोगावची माणसं आली, त्यांनीही कुणाचं पाप विचारलं नव्हतं. तुमच्याकडे पुन्हा कुणी तो विषय काढला तर एवढंच विचारा : मागे राहिलेल्यांपैकी कुणाच्या घरी तुम्ही शेवटचं कधी गेला होतात?

आणि सगळ्याच वाचकांना एक विनंती. येत्या पावसाळ्यात गावावरच्या डोंगराला नवी भेग दिसली, झाडं वा विजेचे खांब कलले, झऱ्याला एकदम गढूळ पाणी येऊ लागलं, तर देवळात कौल लावत बसू नका. त्याच दिवशी तलाठ्याला आणि तहसील कार्यालयाला कळवा, आणि उत्तराची वाट न बघता आधी माणसं खाली हलवा.