राशीखालची ओल

पाणी पवित्र आहे की नाही, हे पारखण्यासाठी फिकहच्या विद्वानांनी तीन खुणा सांगितल्या आहेत: रंग, चव आणि वास. अपवित्र वस्तू मिसळल्याने यांपैकी एक जरी खूण बदलली, तरी त्या पाण्याने वुजू होत नाही. हिंगोलीत सिद्धेश्वर धरणाचे पाणी नळाला आले की आपली नजरही आधी रंगाकडेच जाते. आता अशा पदार्थाचा विचार करा, जो पाण्यात असूनही या तिन्ही खुणा जशाच्या तशा ठेवतो.

‘पीफास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हजारो रसायनांत कार्बन आणि फ्लोरिन यांचे बंध इतके घट्ट असतात की निसर्गात ती जवळजवळ नष्ट होत नाहीत. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कापड, आग विझवण्याचा फेस यांसाठी ती वापरली गेली. पाणी उकळल्यानेही ती जात नाहीत. त्यांतील पीएफओए हे रसायन माणसात कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केले. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली. आपल्या आयएस १०५०० या पेयजल मानकात अशी मर्यादा नाही. आणि जे मोजायचेच नाही, ते सापडणार तरी कसे?

असे पाणी नकळत पिणाऱ्यावर किंवा पाजणाऱ्यावर दोष येत नाही. प्रश्न आहे तो ज्याला कळले होते त्याचा. ड्युपाँट कंपनीने वेस्ट व्हर्जिनियातील आपल्या कारखान्याच्या परिसरातील नळाचे पाणी १९८४ मध्ये तपासले. त्यात पीएफओए आढळले. लोकांना सांगितले गेले नाही आणि रसायनाचा वापर चालूच राहिला. त्या काळी या रसायनावर कायद्याची मर्यादाच नव्हती. मग अपराध कोणता?

वाचकहो, याचे उत्तर मदिनेच्या बाजारात मिळते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पाऊस लागला, असे विक्रेत्याने सांगितले. पावसाबद्दल प्रेषितांनी (स.) त्याला दोष दिला नाही. ओले धान्य वर, लोकांच्या नजरेस पडेल असे का ठेवले नाही, एवढेच विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारले. हळदीच्या ढिगांत वावरणाऱ्या हिंगोली-वसमतच्या व्यापाऱ्याला यातील मर्म उलगडून सांगायला नको. ओल ही आपत्ती होती. ती राशीखाली ठेवणे हे मात्र माणसाचे कृत्य होते.

हा प्रश्न आता महाराष्ट्राच्या दारातही आला आहे. इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनो येथील मितेनी कारखान्यामुळे लाखो लोकांचे पाणी दूषित झाले. २०१८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री मधल्या काळात रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. यंत्राबरोबर जुन्या मालकाचा अपराध येत नाही, हे मान्य. पण त्या यंत्राचा इतिहास, त्यातून काय बनते आणि सांडपाणी कोठे जाते, हे जाणण्याचा हक्क आसपासच्या विहिरींवर जगणाऱ्यांना आहेच.

आपल्यापैकी ज्यांना परवडते, त्यांनी घरी आरओ यंत्र बसवले आहे. ही रसायने त्याने बरीच कमी होतात. मात्र अडवलेला अंश उरलेल्या पाण्याबरोबर मोरीत आणि तेथून पुढे जातो. ज्याच्या घरी यंत्र नाही, त्याचा नळ तसाच राहतो. पाण्यात सर्वांची भागीदारी आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण मानणाऱ्याला एवढ्यावर थांबता येईल का? नळाच्या पाण्यात काय तपासले जाते आणि काय तपासलेच जात नाही, हे नगरपरिषदेला २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे.