थोरला भाऊ आत गेला का?



घरात कोणी ‘पोटात कावळे ओरडताहेत’ म्हटले, तर आपण कावळे शोधत नाही, ताट वाढतो. अलंकारिक बोलणे आपल्याला शिकवावे लागत नाही. तरीही प्रभू येशूचे दाखले ऐकताना आपली गडबड होते. काहीजण प्रत्येक शब्दाचा गुप्त अर्थ शोधत बसतात: अंगठी म्हणजे काय, वासरू म्हणजे काय? बाकीचे आपण ‘छान गोष्ट’ म्हणतो आणि मिस्सा संपली की घरी जातो.

दृष्टांत आपल्या मातीला नवा नाही. तेराव्या शतकात चक्रधर स्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट त्यातलीच. तिथे सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असे तीन भाग असतात. दार्ष्टांतिक म्हणजे ती गोष्ट कशाला लागू पडते ते. येशूनेही पेरणाऱ्याच्या दाखल्याचा उलगडा स्वतः केला. पण पुष्कळदा हा शेवटचा भाग तो ऐकणाऱ्यावर सोपवतो.

उधळ्या पुत्राचा दाखला घ्या (लूक १५:११-३२). पापी लोकांबरोबर येशू जेवतो म्हणून परुशी आणि शास्त्री कुरकुरत होते, तेव्हा तो सांगितला गेला. आपण धाकट्याच्या परतण्यावर रडतो आणि तिथेच थांबतो. गोष्ट पुढे आहे. थोरला शेतातून येतो, घरातले गाणेबजावणे ऐकतो, चिडतो, दारातच अडतो. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. थोरल्याच्या तोंडून ‘भाऊ’ हा शब्द निघत नाही; तो धाकट्याला बापाचा मुलगा म्हणतो. बाप मात्र उत्तरात ते नाते पुन्हा त्याच्या पदरात घालतो. पुढे थोरला आत गेला का? शुभवर्तमान सांगत नाही.

भोकरदन तालुक्यात ही गोष्ट परकी वाटू नये. धाकट्याने आपली वाटणी विकून पुण्यात पैसा उडवला. थोरला इथेच मक्याला पाणी देत, कापूस वेचत, सोसायटीचे कर्ज फेडत राहिला. आता धाकटा रिकाम्या हाताने दारात उभा आहे. खरे सांगायचे तर थोरल्याचा राग आम्हाला पटतो. त्याला कधी साधे करडूही मिळाले नव्हते! बापही त्याचे कष्ट नाकारत नाही. जे आहे ते सारे तुझेच, असे तो सांगतो. तरीही दार उघडेच ठेवतो.

बांधावरून बोलणे बंद झालेली भावंडे आपल्या धर्मग्रामातही आहेत. रविवारी ती एकाच मंदिरात, वेगवेगळ्या बाजूंना बसतात.

या आठवड्यात कुटुंब-प्रार्थनेत ओवी २५ ते ३२ मोठ्याने वाचू या. मग प्रत्येकाने सांगावे, थोरल्याने पुढे काय केले असेल? आधी मुलांना बोलू द्या. मोठ्यांनी शेवटी बोलावे, आणि बोलताना ‘थोरला’ या शब्दाऐवजी ‘मी’ म्हणून पाहावे.