स्वहस्ते केलेली भेट

लाकूड कातून लेखणी करावी व ती इष्टमित्रांस भेट द्यावी, हा छंद अलीकडे पुष्कळांस जडला आहे. साग, शिसव किंवा बाभूळ यांचा बोटाएवढा तुकडा घेतात, त्यास उभे भोक पाडून आत पितळेची नळी चिकटवितात, मग तो लेथावर चढवून पटाशीने गोल करतात आणि घासून त्यास तेल किंवा मेण देतात. टोक, खिशाची पकड व शाईची कांडी ही मात्र कारखान्यातून आणलेली असतात. तरी देणारा म्हणतो, "ही माझ्या हातची." हे म्हणणे कितपत खरे, आणि विकतच्या लेखणीहून ही भेट थोर आहे काय?

पहिल्या प्रश्नावर आम्ही फार वेळ घालवीत नाही. सुतार झाड निर्माण करीत नाही, तरी पाट त्याचाच होय. जेवढे केले तेवढेच सांगितले म्हणजे झाले.

दुसरा प्रश्न कठीण आहे. "यावर माझा अख्खा दिवस गेला," असे घेणाऱ्यास ऐकविले की भेटीचे ऋण होते. तो बिचारा लेखणी पेटीत जपून ठेवतो, तिने लिहीत नाही. शिवाय प्रचलित बारीक नमुन्याच्या अशा लेखणीस क्रॉस या अमेरिकन लेखणीच्या घाटाची कांडी लागते. ती खेड्यातल्या दुकानात सहसा मिळत नाही. शाई संपली की भेटही संपली! राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी केलेले फाउंटन पेन (ते लाकडाचे नव्हे) 1935 साली महात्मा गांधींस ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत पोहोचले. हे कुमारप्पा ख्रिस्ती घराण्यातले. गांधीजींनी पेन वापरून पाहिले व मगच ते चांगले असल्याचे कळविले. कातणाऱ्याने लाकूड फिरत असता घेणाऱ्याची बोटे डोळ्यांपुढे आणावीत. म्हाताऱ्या शिक्षकाच्या आखडलेल्या बोटांस जाड लेखणी हवी, पोरास बारीक. दुकानदार असे कोणा एकासाठी करीत नाही. हातच्या भेटीचे थोरपण आम्हांस येथे दिसते, गेलेल्या तासांत नव्हे.

तथापि तासांची गोष्ट निघालीच आहे, तर सावंतवाडीच्या कातार्‍यांकडे पाहू. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि असे एकेक खेळणे रंगते. ह्याच कामावर त्यांचे पोट चालते. छंदी मनुष्याचा दिवस आम्ही प्रेम म्हणून मोजतो व डोळे भरून आणतो. कातार्‍याचा तसाच दिवस बाजारात महाग म्हणतो व निम्म्याने मागतो. हा कोणता न्याय? कोणी म्हणेल, तो किंमत वाढवूनच सांगतो. सांगत असेल, परंतु त्या छंदी मित्रापाशी तरी आम्ही तासांचा हिशेब कधी मागितला होता?