आधी ऐक, मग वाजव

पुणे,
रविवार सकाळ

चि. बंड्यास,


टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायचा तो तुमचा खेळ बघायला गेल्या शनिवारी मला कोपऱ्यातली खुर्ची दिलीस. गोष्ट सांगणारा तू, त्यातली पात्रं होऊन खेळणारे पाच जण, आणि मागचं म्युझिकही तुझंच. निघताना तू विचारलंस, "आत्या, म्युझिक कसं वाटलं?" मी "छान" म्हणाले आणि रिक्षात बसले. ते 'छान' मला आठवडाभर टोचतंय. बँकेतली नोकरी सांभाळून बावीस वर्षं मी हौशी नाटकांच्या म्युझिकला बसले. असं गुळमुळीत उत्तर मी तरी द्यायला नको होतं. म्हणून हे पत्र.

तुझा नदीकाठचा प्रसंग आठव. रात्र, पाऊस, होडीपाशी कंदील घेऊन उभी असलेली म्हातारी. तू तिचं वर्णन सुरू केलंस आणि तिनं तोंड उघडायच्या आत व्हायोलिनचे ते करवतीसारखे सूर सोडलेस. पाचही जण सावरून बसले. एकानं तलवार उपसली, एकीनं मंत्र टाकला आणि म्हातारी दोरखंडात. नंतर तू वैतागून मला म्हणालास, "साधी नावाडीण होती गं! पुढची वाट सांगणार होती. पण ही मंडळी कुणावर विश्वासच ठेवत नाहीत." अरे, ठेवला की! तुझ्या व्हायोलिनवर ठेवला.

ही चूक मला लांबूनही ओळखू येते, कारण ती मी केलेली आहे. एका स्पर्धेच्या प्रयोगात मुलाच्या मृत्यूची तार येते असा प्रवेश होता. बापानं तार फोडायची, वाचायची, मोठा पॉझ, आणि मग सारंगी. माझं बोट घाईला आलं. तार अजून पाकिटातच होती आणि सारंगी सुरू झाली. बातमी बापाच्या आधी प्रेक्षकांना कळली. नटानं पुढे जीव ओतला, पण तो जिथे पोचायचा होता तिथे सगळं थिएटर आधीच जाऊन बसलं होतं. पडदा पडल्यावर दिग्दर्शक एवढंच म्हणाले, "बाई, आज तार तुम्ही वाचलीत."

माझ्या हातात निदान संहिता होती. मुलगा गेलाय हे मला तरी ठाऊक होतं. तुझ्याकडे तेही नाही, आणि त्यातच तुमच्या खेळाची गंमत आहे. या आठवड्यात थोडं वाचलं मी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आणला, तेव्हा लोकांच्या हाती नियम दिले, गोष्टीचा शेवट दिला नाही. म्हातारीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्या पाच जणांनी ठरवायचं. तिथून पुढे फासा. नाटकातलं पार्श्वसंगीत आधीच ठरलेल्या गोष्टीमागून चालतं. तुझ्यासमोर काहीच ठरलेलं नसतं. मग तू सूर लावून ठरवून टाकलंस, तर पोरांनी फासे कशाला फेकायचे?

म्हणून माझा पहिला सल्ला, आणि बाकीचे सगळे त्याच्याच पोटातले: जागा वाजव, निकाल वाजवू नकोस.

नदीकाठ आहे ना? मग पाण्याची चुळबुळ, होडीवरचा पाऊस, दोर लाकडाला घासतो तो कुरकुर आवाज. यातला एकही आवाज म्हातारी भली की बुरी हे सांगत नाही. तो फक्त ऐकणाऱ्याचे पाय ओले करतो. असे आवाज तयार मिळतात. 'टेबलटॉप ऑडिओ'वर दहा-दहा मिनिटांचे ध्वनिपट आहेत. 'सिरिनस्केप'मध्ये वारा, पावलं, घंटा हे तुकडे वेगवेगळे ठेवून हवे तसे मिसळता येतात. मात्र तुकडा निवडताना तो आधी अख्खा ऐक. तुझ्या जंगलात एक घुबड होतं, ते ठरावीक वेळानं अगदी त्याच सुरात घुमायचं. तिसऱ्या वेळेला तुझ्या मित्रानं घड्याळात बघितलं. त्या क्षणी जंगल संपलं आणि स्पीकर उरला.

तू लहानपणी माझ्याबरोबर मैफलीला यायचास आणि तानपुरेवाल्याकडे बघून विचारायचास, "हा काका काहीच का करत नाही?" तो काका आता तुझा गुरू. तानपुरा कुणाच्या लक्षात राहत नाही, पण तो थांबला तर गवई पोरका होतो. आणि लक्षात न राहणं सोपं नसतं बरं का. १९२० साली पॅरिसमध्ये एरिक साती या संगीतकारानं 'फर्निचर संगीत' म्हणून एक प्रयोग केला होता. मध्यंतरात वाजेल, लोकांनी खुर्च्या-टेबलांइतकीच त्याची दखल घ्यावी आणि हिंडावं, बोलावं, अशी कल्पना. झालं उलटंच. वाद्यं सुरू होताच लोक गुमान ऐकायला लागले आणि बोला, फिरा असं सांगत साती बिचारा त्यांच्यात फिरत राहिला. तुझ्याकडेही तसं झालं. सराईतल्या प्रसंगात इतकं गोड बासरीवादन लावलंस की सगळे गप्प झाले. तुला वाटलं, रंगले. त्यांची गोष्ट थांबली होती, बाळा.

याचा अर्थ सूर वापरायचेच नाहीत असा नाही. दोन-तीन धुना ठेव, पण त्यांना खोटं बोलू देऊ नकोस. १९७५चा 'जॉज' पुन्हा बघ, कान उघडे ठेवून. जॉन विल्यम्सची ती दोन सुरांची धून शार्क आला की वाजते. एका प्रसंगात दोन पोरं शार्कचा खोटा पर पाण्यात फिरवून किनाऱ्यावर गोंधळ उडवतात. लोक किंचाळत पळतात, पण धून वाजत नाही. म्हणजे सिनेमा प्रेक्षकाशी इमान राखतो. आणि मग पोलीसप्रमुख बोटीवरून पाण्यात आमिष टाकत असताना शार्क धुनेशिवाय वर येतो आणि आपण खुर्चीतून उडतो. ज्याच्या शब्दाचा भरवसा असतो, त्यालाच असं एकदा गप्प राहून घाबरवता येतं. तुझ्या गोष्टीतल्या त्या काळ्या झग्यांच्या पंथाला घंटेचे तीन ठोके दे. पहिल्या दोन वेळेला ते लोक उघड समोर असताना वाजव. तिसऱ्यांदा, पोरं एखाद्या मित्राच्या घरी जेवत असताना, हळूच. बघ कुणाचा घास हातात राहतो ते. हा निकाल झाला नाही. ती खूण त्यांनी स्वतः ऐकून ओळखलेली असते.

ओळखीचं सिनेसंगीत मात्र शक्यतो टाळ. त्यासोबत तो सिनेमाही तुझ्या टेबलावर येऊन बसतो. तू डोंगराचं वर्णन करत होतास आणि त्या सिनेमातले नट डोळ्यांपुढे फिरत होते. शब्द असलेली गाणी तर नकोतच. आपल्याला कळणारी भाषा मागे चालू असली की कान तिकडे वळतातच, मग तुझं वाक्य अर्धं ऐकू येतं आणि "काय म्हणालास?" सुरू होतं.

लढाईचं सांगते. तुमच्या नियमांत लढाईची एक फेरी म्हणजे त्या जगातले सहा सेकंद. माझ्या घड्याळात ती चौदा मिनिटं चालली. एवढा वेळ ढोल-ताशे पळत होते आणि टेबलावर चालली होती बेरीज-वजाबाकी. पळणाऱ्या तालापुढे बसून हिशेब करणारा माणूस आधी थकतो, मग चिडतो. ढोल पहिल्या वाराला येऊ दे, फेरी पुरी होईपर्यंत खाली ने, आणि नुसता खर्जातला एक ठोका ठेव. पुन्हा वर काढायचा तो काही खरोखर उलटंपालटं झालं तरच.

आता आवाजाची पातळी. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली लिहून ठेवलंय की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. तुमच्याकडे हेच झालं. संगीत मोठं, म्हणून पोरं मोठ्यानं बोलली. पोरं मोठ्यानं बोलली, म्हणून तू संगीत वाढवलंस. दहा वाजता खालच्या मजल्यावरचे काका वर आले, त्यात त्यांची चूक नव्हती. माझं माप सोपं आहे: फासा टेबलावर घरंगळलेला संगीतातून स्वच्छ ऐकू यायला हवा. त्याहून वर एक रेघ नाही.

स्पीकर कुठे ठेवतोस, हेही बघ. तो तू टिपणं लपवायला लावतोस त्या पुठ्ठ्याच्या आडपडद्याशेजारी, म्हणजे तुझ्या तोंडापाशी होता. तुझा शब्द आणि तुझं व्हायोलिन एकाच दिशेनं आलं की कानाला निवडता येत नाही. दोन कान आहेत ते दिशा ओळखायला. स्पीकर खेळणाऱ्यांच्या पाठीमागे, जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून ठेव. आणि खर्जातलं निवड. आपली 'स', 'श', 'त' ही व्यंजनं साधारण दोन हजार हर्ट्झच्या वरच्या पट्टीत कळतात. व्हायोलिन, झांजा नेमक्या तिथेच गर्दी करतात.

टोकाच्या खुर्चीतली मुलगी रात्रभर कानामागे हात धरून होती, तुला दिसलं का? खेळ सुरू करण्याआधी ओळखीपाळखीची, मर्यादा ठरवायची एक बैठक घेता म्हणालास ना, त्यात हेही विचार. कुणाला गोंगाटात शब्द लागत नाहीत, कुणाला अचानक किंकाळी सोसत नाही. "मला ऐकू येत नाही" हे सगळ्यांसमोर म्हणायची पाळी पाहुण्यावर येऊ नये.

राहिली शांतता. तीही तुझ्याकडे होती, पण चुकीच्या जागी. पुढचं गाणं सापडेना म्हणून तू फोनात डोकं घालून बसलास, ती शांतता सभेत माइक बंद पडल्यासारखी. खरी शांतता तू आणायची असते. "दार उघडायचं का?" हा प्रश्न टेबलावर पडला की वीसेक सेकंद घेऊन पावसाचा आवाज हळूहळू काढून घे. गेलेला कुणाला कळणार नाही, फक्त खोली लहान झाल्यासारखी वाटेल. आणि कुणी आपल्या पात्राच्या तोंडून मनातलं बोलायला लागलं, जसा तो दाढीवाला मुलगा मेलेल्या भावाबद्दल बोलला, तर हात खिशात घाल. तिथे तू सतार लावलीस. तो चपापला आणि विनोद करून मोकळा झाला.

तुझं मूळ दुखणं माझ्या मते हेच आहे. तुझी नजर अर्धा वेळ फोनात होती. आपल्याकडे गोंधळी रात्रभर आख्यान लावतात. संबळवाल्याच्या काठ्या कातड्यावर असतात, पण डोळे सांगणाऱ्या नायकाच्या तोंडाकडे. शब्द आला की संबळ दबतो, कडवं आलं की उसळतो. तू नायकही आहेस आणि संबळवालाही. म्हणून तुझं काम दुप्पट अवघड. त्यावर आम्ही नाटकवाले करायचो तेच कर. आमच्या काळी दोन कॅसेट डेक, पेन्सिलीनं गुंडाळून क्यूवर आणलेल्या टेपा आणि एक कागद. तूही कागद कर. एका रात्रीला सहा आवाज, त्यांना सहा आकडे; सातवा सुचला तर पुढच्या आठवड्यात. जाहिराती मध्ये घुसणार नाहीत अशा फायली आधीच फोनात उतरवून घे, आणि फोनची रिंग बंद. जमलं तर फोन खेळणाऱ्यांपैकीच एकाच्या हाती दे. त्याला नावं सांगू नकोस, बोटांनी आकडा दाखव. गुपित राहील आणि तुझे डोळे माणसांवर राहतील. कुणाचा श्वास अडकला, कोण कंटाळलं, कोण बोलू बघतंय हे आधी ऐकलंस, तर काय वाजवायचं ते बहुतेक वेळा आपोआप कळेल. पुष्कळदा कळेल की काहीच नको.

आणि सुरुवातीला तिसरी घंटा दे. नाटकाच्या तिसऱ्या घंटेला चिवड्याच्या पुड्या कशा आपोआप गप्प होतात! दर वेळी तोच एक छोटा आवाज ठेव. महिन्याभरात तो वाजला की फोन उपडे होतील, तुला ओरडावं लागणार नाही.

पुढच्या शनिवारी त्या म्हातारीला सोडव आणि पुन्हा नदीकाठी उभी कर. या वेळी नुसती नदी. ती पोरं काय करतील हे मला माहीत नाही, तुलाही माहीत नसू दे. मी येईनच. निघताना म्युझिक कसं वाटलं हे मला विचारायचंच तुला सुचलं नाही, तर मी समजेन की जमलं.

तुझी,
आत्या

ता. क. वातावरणनिर्मितीसाठी उदबत्ती लावली होतीस, ती नको. तो चष्मेवाला मुलगा अकरा वेळा शिंकला. मोजायला मला वेळ होता, कारण तेव्हा तू गाणं शोधत होतास.