चोवीसांत नसलेला

अवधूताने यदुराजाला सांगितलेले चोवीस गुरू आपण भागवताच्या एकादश स्कंधात वाचतो. त्यात पृथ्वी, वारा आहे, अजगर आहे, कोळी आहे, कुंभारीण माशीसुद्धा आहे. कुत्रा नाही. तो महाराजांच्या पायाशी आहे. तसबिरीतल्या चार श्वानांना आपण चार वेद म्हणून हात जोडतो आणि देवळाबाहेर पायात घोटाळणाऱ्याला 'हाड' करतो. मीही त्यातलाच.

मी निवृत्त झालो त्या वर्षी नातीने बंड्याला आणले. आई पॉमेरेनियन, बाप गल्लीतला. वजन जेमतेम सहा किलो. कान एक उभा, एक पडलेला. 'सोवळ्याच्या घरात हे कशाला?' असे मी म्हणालो होतो. महिनाभरात त्याच्यासाठी दहीभात मीच कालवू लागलो, ते असो.

गेल्या दत्तजयंतीआधी गुरुचरित्राचा सप्ताह बसवला होता. चौथ्या दिवशी नैवेद्याला शिरा, त्यात भरपूर मनुका. बंड्या उंबरठ्याबाहेर बसून वास घेत होता. मला वाटले, श्वानमुखी घास घालणे तर शास्त्रातच आहे. चांगला मूठभर घातला. हिने विचारले, चालतो का त्याला? मी म्हणालो, प्रसादाने कधी कोणाचे वाईट झालेय?

रात्री त्याला दोनदा उलटी झाली. सकाळी मी पोथीवर बसलो. मध्येच ही दाराशी येऊन म्हणाली, "अहो, तो उठत नाहीये. पाणीसुद्धा पीत नाही."

मी ऐकले आणि वाचत राहिलो. पारायण मध्ये सोडू नये, हे लहानपणापासून मनात बसलेले. आणखी चाळीसेक ओव्या वाचल्या असतील. त्यातली एक आठवेल तर शपथ! शेवटी पोथीला नमस्कार केला, समईकडे हिला बसवले आणि सोवळ्यावरच शर्ट चढवून रिक्षा केली.

डॉक्टरांनी विचारले, "काय खाल्लं काल?"

"प्रसाद."

"काका, प्रसादात काय होतं?"

शिरा म्हटल्यावर त्यांनी मनुकांचे विचारले. द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याला थोड्यानेही होते, आणि लहान चणीच्या जिवाला धोका जास्त. कांदा, लसूण, चॉकलेटही नको. रात्रीच आणले असते तर पोट रिकामे करता आले असते, एवढेच ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावायला हवे होते.

बँकेत मी पस्तीस वर्षे सही ताडून पाहिल्याशिवाय चेक पास केला नाही. इथे मात्र घेणाऱ्याकडे न पाहताच हात मोकळा सोडला. भूतदया म्हणून जे केले त्यात देण्याचे माझे सुखच अधिक होते, हे मला सलाइनच्या बाटलीकडे बघताना कळले.

तीन दिवस सलाइन, दोनदा रक्त तपासले. उरलेले वाचन मी दवाखान्यातून आल्यावर अंघोळ करून पुरे केले. गुरुजींना भीत भीत विचारले, पारायण खंडित झाले का? ते म्हणाले, "नाथांसमोर महाराज मलंगाच्या वेशात आले तेव्हा बरोबर कुत्री होती ना? मग तुम्ही कोणाला सोडून कोणाकडे गेलात?" मला हे उत्तर पूर्ण पटले असे नाही. ते उठण्याबद्दल होते. मला टोचतात त्या उठण्याआधीच्या चाळीस ओव्या.

एका स्नेह्यांनी कबुतराची आठवण दिली. पिलांच्या मोहाने ते जाळ्यात पडले, तसा तू गुंततो आहेस म्हणाले. असेन. पण माझ्या बाबतीत जाळे मीच टाकले होते आणि पडला होता बंड्या.

तो वाचला. आता दर काही महिन्यांनी रक्त तपासतो. यंदाचा सप्ताह परवा बसतो आहे. हिने डब्यावर खडूने लिहून ठेवले आहे, 'मनुका – माणसांसाठी'. त्याचा नैवेद्य वेगळा, साधा भात, चमचाभर दही. आरतीला तो उंबरठ्याबाहेरच बसतो, उभा कान आत वळवून.