झोळी कुणाच्या खांद्यावर

नालंद्याच्या उत्खननात देवपाल राजाचा एक ताम्रपट सापडला. नवव्या शतकातला. सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या सुमात्रा-जावाकडचा राजा बालपुत्रदेव याने नालंद्यात विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून देवपालाने पाच गावांचं उत्पन्न त्या विहाराला लावून दिलं. उत्पन्न कशावर खर्चायचं तेही त्यात नमूद आहे: भिक्षूंचं अन्नवस्त्र, आजाऱ्यांची औषधं, ग्रंथांच्या प्रती आणि विहाराची डागडुजी. या शेवटच्या कलमावर माझी नजर अडते. इमारतीला दाता मिळतो, कारण तिच्यावर नावाची पाटी लागते. गळक्या छपरावर कोण पाटी लावणार? ज्याने हे कलम राजाच्या गळी उतरवलं, तोच विद्यापीठांसाठी निधी जमवणाऱ्यांचा मूळ पुरुष, असं मी मानतो.

आमच्या राजपुऱ्यात गणपतीच्या वर्गणीला पोरं निघतात, तेव्हा त्यांच्यात एक जण जरा थोराड असतो. कोणत्या दारात कोणाला पुढे करायचं, हे तो ठरवतो. ज्या घरात आजीबाईंचा शब्द चालतो तिथे त्यांच्या नातवाचा मित्र पुढे, आणि जिथे मागच्या वर्षीचा हिशेब विचारला जाणार तिथे वही सांभाळणारा. तो स्वतः पावतीपुस्तक काखेत धरून पायरीखाली उभा. विद्यापीठाच्या निधी-विभागाच्या प्रमुखाचं काम याहून फार वेगळं नाही. करसवलतीची पावती, कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी (सीएसआर), माजी विद्यार्थ्यांच्या याद्या हे सगळं खरं. पण मर्म एवढंच, की कोणी मागायचं.

हे मराठी माणसांत सगळ्यात नीट कळलं ते धोंडो केशव कर्व्यांना. आणि गंमत अशी, की मागण्यासाठी लागतं असं आपण समजतो त्यातलं त्यांच्यापाशी फारसं काही नव्हतं. वक्तृत्व नाही, फड जिंकण्याची हौस नाही. फर्ग्युसनमधला गणिताचा प्राध्यापक. १८९३ साली विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुड या त्यांच्या गावाने बहिष्कार टाकलेला. अशा माणसाने १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि ज्यांना तो मुळातच पसंत नव्हता, त्यांच्याही ओट्यावर जाऊन उभा राहिला. कोणी चार आणे दिले तरी त्यांची नोंद वहीत व्हायची. नकार पचवण्याची त्यांची ताकद मला त्यांच्या समाजसुधारणेइतकीच मोठी वाटते.

पण एकट्याने किती दारं हिंडणार? इथे पार्वतीबाई आठवल्यांचं नाव घ्यायला हवं. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, यांच्या त्या बहीण. तरुणपणी वैधव्य, केशवपन, पदरी मुलगा. शिक्षणाला लागल्या त्याही उशिरा. कर्व्यांच्या या आश्रमासाठी त्या गावोगाव फिरल्या. सोवळ्या विधवेने सभेत उभं राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागणं, हे त्या काळच्या श्रोत्यांना कर्व्यांच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त अस्वस्थ करणारं असणार. १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी बेताचं, गाठीला पैसा नाही. लोकांच्या घरी घरकाम करून त्या तिथे राहिल्या. संस्थेचा उद्देश पत्रकात छापावा लागतो. पार्वतीबाई स्वतःच तो उद्देश होत्या. अशा माणसाला पुढे करून आपण मागे राहायचं, यासाठी प्रमुखाला आपला मान जरा खुंटीला टांगावा लागतो.

याची किंमत घरच्यांनीही मोजली. बायांचं ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र वाचताना कळतं, की झोळी घेतलेल्या माणसाच्या घरात मीठमिरचीचा हिशेब कसा चालतो. त्यांनी स्वतः आश्रमासाठी वर्गणी गोळा केली, आणि कुरकुर करायची तिथे बिनदिक्कत केलीही. मला ती कुरकुर मोलाची वाटते. त्यागाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यागाचं बिल कुणाच्या नावावर फाटलं ते सांगणारे थोडे.

१९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं ते पाच विद्यार्थिनींवर. पाठीशी सरकारी मान्यता नव्हती. जपानच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली होती, त्यातून ही कल्पना. पुढे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी जपानला गेले, ते विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि १९२० मध्ये १५ लाख रुपये देऊ केले. आईचं नाव विद्यापीठाला द्यायचं, मुख्य ठाणं मुंबईत न्यायचं, अशा अटी होत्या. नाव लगेच लागलं. पुण्याहून मुंबईला बिऱ्हाड हललं ते १९३६ मध्ये. इतकी मोठी रक्कम पुढे आल्यावर नेत्याची खरी परीक्षा होते. चार आणेवाला अट घालत नाही, पण विद्यापीठ आपलं समजतो. पंधरा लाखवाला अट घालतो, आणि त्याच्याशिवाय इमारत उभी राहत नाही. कर्व्यांनी नाव दिलं. ते बरोबर केलं असं माझं मत आहे. मात्र त्यानंतरही किरकोळ वर्गणी त्यांनी सोडली नाही, हे जास्त बरोबर केलं.

आमच्या मध्य प्रदेशात याच्या उलटं उदाहरण आहे. डॉ. हरिसिंग गौर यांनी १९४६ मध्ये सागरचं विद्यापीठ काढलं ते स्वतःच्या वकिलीच्या कमाईतून, २० लाख घालून. कोणाच्या दारात जायचं कारणच पडलं नाही. २०२३ मध्ये नंदन निलेकणी यांनी आपल्या आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, तेव्हा वर्तमानपत्रांत आकडा झळकला. अशा देणग्यांना नमस्कारच करावा. पण त्यामागे वर्षानुवर्षं पत्रं लिहिणारे, जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते जपणारे जे लोक असतात, त्यांच्या कामाला आकडा लागत नाही आणि बातमीही नाही.

कर्वे १९२९ मध्ये, सत्तरी गाठून, परदेशात निघाले: युरोप, अमेरिका, जपान. पाठोपाठ आफ्रिकेतल्या भारतीयांकडे. ठाकरसींची देणगी पुढे आल्यानंतरची ही वणवण. आणि १९३६ मध्ये, विद्यापीठ मुंबईला स्थिरावत असताना, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी या माणसाने शाळा नसलेल्या खेड्यांसाठी नवं ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढलं आणि पहिल्यापासून पुन्हा वर्गणी मागायला सुरुवात केली.