गोळी न घेण्याचं कर्म

गरोदरपणात नैराश्यावरची गोळी घ्यावी का, हा प्रश्न घरात निघतो तो बहुधा पापपुण्याच्या भाषेत. घेतली तर आई बाळाच्या जिवाशी खेळली; सोसलं तर तिनं त्याग केला. काही केलं नाही तर गर्भापर्यंत काही पोचत नाही, असं यात धरून चाललेलं असतं. चरकसंहितेलाही हे मान्य नाही. तिच्या शारीरस्थानात गर्भाला बाधणाऱ्या गोष्टींत आईचा सततचा शोक आहे. त्यानं मूल भित्रं, कृश किंवा अल्पायुषी होतं, असं चरक म्हणतो. आजचं विज्ञान इतकं ठाम बोलत नाही, पण उपचार न झालेल्या नैराश्याचा संबंध मुदतपूर्व प्रसूतीशी आणि बाळाच्या कमी वजनाशी अनेक अभ्यासांत आढळला आहे. गर्भाकडे जाणारं आईचं बरंचसं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वारेतलं एक विकर निष्प्रभ करतं. दीर्घ ताणात हा अडसर कमी पडू शकतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटलं आहे. गोळी न घेणं हे तसंच कर्म आहे.

मग दुःखी आईच दोषी ठरते, असा आक्षेप येईल. गर्भसंस्काराच्या वर्गांत ‘प्रसन्न राहा’ असं बजावणारे नकळत तेच करतात, जणू नैराश्य ही हौस आहे. चरक मात्र शारीरस्थानातच गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्यासारखं जपायला सांगतो. ही जबाबदारी भोवतालच्या माणसांची आहे.

औषध तरी कुठे निर्धोक आहे? नाहीच. पॅरोक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळीमुळे गर्भाच्या हृदयात दोष येण्याच्या शक्यतेबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये इशारा दिला होता. अशा गोळ्या शेवटच्या महिन्यांत घेतल्या तर काही नवजात बाळं चिडचिडी, थरथरती असतात; बहुधा काही दिवसांत हे ओसरतं. पण तिथल्याच सुमारे साडेनऊ लाख गरोदरपणांच्या नोंदींवरच्या २०१४ च्या अभ्यासात मूळ आजार आणि इतर कारणं हिशेबात धरल्यावर हृदयदोषांत लक्षणीय वाढ उरली नाही. म्हणजे आजाराचंही काही खापर गोळीवर फुटत होतं. २००६ च्या एका अभ्यासात औषध बंद केलेल्या ६८ टक्के गर्भवतींचं नैराश्य उलटलं, चालू ठेवलेल्यांत २६ टक्क्यांचं. त्या साऱ्यांना आधी तीव्र नैराश्य येऊन गेलं होतं, त्यामुळे हे आकडे सरसकट लावता येणार नाहीत. सौम्य नैराश्यात आधी समुपदेशनच करावं. पण तीव्र नैराश्य भोगलेल्या स्त्रीला दिवस राहिल्याचं कळताच, डॉक्टरांना न विचारता गोळ्या फेकून द्यायला लावणारी माणसं एक धोका टाळताना दुसरा, बहुधा मोठा, तिच्या आणि बाळाच्या वाट्याला देतात.